खटक्याचा प्लग

स्क्रू-ड्रायव्हर दातांत धरून त्यानं डबा उलटा केला आणि टेबलाला ओरखडा जाऊ नये म्हणून खाली घडीचा टॉवेल सरकवला. चार स्क्रू निघाले, झाकण उघडलं. आत दोन्ही बोर्ड जागच्या जागी होते. सहा आठवडे मोटारीत हिंदकळूनही एक तार सैल झालेली नव्हती. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं लगेच वाईटही वाटलं. हा डबा मोटारीतून काढायला त्यानं तीन आठवडे चालढकल केली होती, कारण तो बायकोच्या पायांशी बसवलेला होता आणि बायको जाऊन आज चोविसावा दिवस होता.

"झालं का सर?" पलीकडच्या खुर्चीतून भिंगरीनं विचारलं. "साहेबांना चार वाजता सही हवी आहे."

"साहेबांना कालच हवी होती. काल मी दिली का?"

भिंगरी हसली. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच काहीतरी खवचट बोलला होता, त्याचंच तिला हायसं वाटलं असावं. सॉफ्टवेअर लिहिणारी ही मुलगी फिरत्या खुर्चीत बसल्या बसल्या सारखी गोल फिरायची, म्हणून अख्खं ऑफिस तिला भिंगरी म्हणायचं. त्याला मोजपट्टी म्हणायचं, पण पाठीमागे. ते त्याला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला लोक याहून पुष्कळ वाईट नावं ठेवू शकतात.

काम रुग्णवाहिकांचं होतं. पेशंटच्या छातीला लावलेल्या तारांतून त्याचे ठोके, त्याचा श्वास, सगळं टिपायचं आणि गाडी रस्त्यात असतानाच ते इस्पितळातल्या डॉक्टरसमोर पोचवायचं. त्यासाठी पेशंटच्या उशाशी, भिंतीतल्या कप्प्यात एक छोटा संगणक बसणार होता. एकशे ऐंशी गाड्यांत एकसारखा. बाजारातले बावीस बोर्ड चाळून, तापवून, थरथरत्या टेबलावर हलवून शेवटी दोनच उरले होते. एक वहीच्या पानाएवढा, डोक्यावर बोटभर पंखा घेऊन बसलेला. दुसरा पत्त्यातल्या पानाएवढा, पंख्याबिंख्याशिवाय, नुसती पाठीला काळी पट्टी. भिंगरीनं पहिल्या आठवड्यातच त्यांचं थोरला आणि धाकटा असं बारसं करून टाकलं होतं, आणि आता तर साहेबही बैठकीत तसंच म्हणायचे.

त्याचं मन पहिल्यापासून थोरल्यावर बसलं होतं. धाकटा गुणी, पण बंद गाडी उन्हात उभी राहिली की तापायचा आणि तापला की मंदावायचा. ठोक्यांची नोंद दहा-बारा सेकंद मागे पडायची. दहा सेकंदांत माणूस इकडचा तिकडे होतो, असं तो बैठकीत टेबलावर बोट आपटून म्हणाला होता. थोरल्याचं डोकं पंख्यानं थंड राहायचं. त्याच्यावर डाग एकच होता. मोटारीतल्या चाचणीत तो एकोणीस वेळा बंद पडला होता.

तो डागही त्यानं धुऊन काढला होता. थोरल्याचा विजेचा प्लग साधा होता, नुसता खोचायचा. खड्ड्यांनी तो सैल होत असणार, असा त्याचा तर्क होता. म्हणून बाविसाव्या फेरीला त्यानं खटक्याचा प्लग बसवला. दोन्ही बाजूंच्या जिभल्या एकदम दाबून जोरानं ओढल्याशिवाय तो निघत नाही. तेव्हापासूनच्या नऊ फेऱ्यांत थोरला एकदाही बंद पडला नाही. अहवालात त्याच्या नेटक्या अक्षरात तीन ओळी होत्या. दोष: प्लग सैल. उपाय: खटक्याचा प्लग. परिणाम: दोष पूर्ण नाहीसा. साहेबांनी तोंड भरून कौतुक केलं होतं. आता खाली सही तेवढी राहिली होती.

"सर, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारून टाक. रागावायचं की नाही ते मी नंतर ठरवतो."

भिंगरीनं आपला पडदा त्याच्याकडे वळवला. "मी दोन्ही बोर्डांच्या नोंदी एकाखाली एक लावल्या. थोरला जिथं जिथं बंद पडलाय ना, तिथं धाकटा चालूच आहे. आणि धाकट्याच्या नोंदीप्रमाणे त्या वेळी गाडी हलत नाहीये. एकोणीसच्या एकोणीस वेळा गाडी उभी आहे." ती थांबली. "प्लग खड्ड्यानं सैल होत असेल, तर खड्ड्यात सुटेल. उभ्या गाडीत कसा सुटेल?"

त्यानं चष्मा वर सरकवला आणि पडदा जवळ ओढला. आकडे त्याच्यासमोर आले की एरवी शाळेतल्या मुलांसारखे गुमान रांगेत उभे राहायचे. हेही उभे राहिले. सकाळी आठ एक्केचाळीस ते आठ एकोणपन्नास. आठ त्रेचाळीस ते आठ पन्नास. आठ चाळीस ते आठ सत्तेचाळीस. कधी सात मिनिटं, कधी नऊ. दिवसातून एकदाच, आणि दर वेळी थोरला आपला आपण परत सुरू झालेला.

"आणि धाकट्याचा प्लगही साधाच होता," भिंगरी हळू आवाजात म्हणाली. "तो एकदाही सुटला नाही. सर, तेव्हा गाडीत कोण..." तिनं जीभ चावली.

"पार्किंग," तो म्हणाला. "आठ चाळीसला आम्ही इस्पितळाच्या पार्किंगमध्ये पोचायचो."

बायकोच्या किरणोपचारांच्या तीस बैठका होत्या. शनिवार-रविवार सोडून रोज. डबा गाडीत बसवायची कल्पना त्याचीच. रोज तोच रस्ता, तीच वेळ, तेच खड्डे. असली चाचणी पैसे मोजूनही मिळत नाही, असं तो तिला म्हणाला होता. विचारलं नव्हतं, म्हणाला होता. ती दार धरून उभी होती, डोक्याला रुमाल बांधलेला. "म्हणजे गाडीत आता दोन पेशंट," एवढंच बोलली आणि पाय जरा बाजूला घेऊन बसली. रुग्णवाहिका तासन्‌तास उभी असते, तेव्हाही यंत्रणा चालू राहिली पाहिजे, म्हणून पार्किंगमध्येही डबा बंद करायचा नाही असा नियम होता. तोही त्यानंच केलेला. तो नंबर लावायला आणि चाकाची खुर्ची आणायला आत जायचा. सात-आठ मिनिटांत खुर्ची ढकलत परत यायचा. ती डोळे मिटून बसलेली असायची.

अहवालाच्या पहिल्या पानावर त्यानं लिहिलं होतं: चाचणीचं वाहन, खासगी मोटार. चालक, एक. प्रवासी, एक.

त्यानं डब्यातून थोरला बाहेर काढला, टेबलावर ठेवला आणि वीज जोडली. हिरवा दिवा लागला. पंखा फिरू लागला. पात्यांचं नुसतं धुकं दिसत होतं. त्यानं वाकून कान जवळ नेला. काही नाही. निमूट, सालस बोर्ड.

भिंगरीनं गळ्यातले हेडफोन उचलून कानांवर चढवले.

"लागलं का गाणं?" तो म्हणाला. थोरला सुरू झाला की ही हटकून हेडफोन लावते, हे त्यानं मागंच टिपून ठेवलं होतं आणि त्यावरून तिची पुष्कळ चेष्टाही केली होती.

तिनं एक कान मोकळा केला. "गाणं कुठलं सर? हे नुसतेच लावते. आवाज लागू नये म्हणून."

"कसला आवाज?"

"ह्याचा. पंख्याचा." ती त्याच्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं बघत राहिली. "किती किरकिरतो. दातांत जातो अगदी. तुम्हाला नाही ऐकू येत?"

त्यानं परत कान लावला. या वेळी इतका जवळ, की पंख्याचा वारा कानाच्या पाळीला लागला. वारा लागला, आवाज लागला नाही. तीस वर्षं प्रेसच्या आणि कटिंग मशिनच्या शेजारी उभं राहून त्याच्या कानांनी वरचे सूर केव्हाच सोडून दिले होते. कंपनीच्या डॉक्टरनं दर वर्षी कागदावर उतरत जाणारी रेघ काढून दाखवली होती. तो दर वर्षी म्हणायचा, बोललेलं ऐकू येतं ना, मग झालं.

बायको तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. लाइनवरच्या नुसत्या खरखरीवरून ती सांगायची की तार कुठं भिजली आहे.

त्यानं वीज काढली. पंखा थांबला. भिंगरीनं हेडफोन खाली घेतले आणि तिचे खांदेही जरासे खाली आले. आजवर हे त्याला दिसलंच नव्हतं.

"मी जेवायच्या सुट्टीत बाहेर जाऊन येतो," तो म्हणाला.

"सर, चार वाजता..."

"चारच्या आत येतो."

मेहुणीचं कपडे दुरुस्तीचं दुकान ऑफिसपासून गाडीनं दहा मिनिटांवर होतं. एका माणसाला जेमतेम वळता येईल एवढी खोली, खिडकीशी शिलाई मशिन, भिंतीला चिठ्ठ्या टोचलेले लोकांचे कपडे. ती कुणाच्या तरी पँटची कंबर सैल करत होती. आठवड्यातून दोन दिवस ती त्यांच्याबरोबर इस्पितळात यायची, मागच्या सीटवर बसून. धाकटी बहीण असून शेवटच्या दिवसांत तिनंच थोरलीचं सगळं केलं होतं.

"भाऊजी? आत्ता? जेवलात का?"

"जेवतो. एक विचारायचंय. गाडीत तो डबा होता ना माझा..."

मेहुणीचा पायडलवरचा पाय थांबला. "शिट्टीवाला?"

त्यानं मान हलवली. बसायला स्टूल होतं, पण तो उभाच राहिला.

"म्हणजे तुलाही ऐकू यायचा."

"मला बारीकसा. रस्त्यात इंजिनाच्या आवाजात बुडून जायचा, सिग्नलला परत वर यायचा. ताईला मात्र फार व्हायचा. तिचे कान तुम्हाला माहीतच आहेत." ती पँटची शिवण उसवत होती, एकेक टाका. "त्या औषधांनी आधीच पोटात काही ठरत नव्हतं. त्यात ते कानाशी. पार्किंगमध्ये इंजिन बंद झालं की नुसतं तेवढंच उरायचं. म्हणून मग तुम्ही वळलात की ती प्लग काढायची. आरशात बघत राहायची. तुमची खुर्ची दारातून दिसली की परत लावायची."

"परत का लावायची?"

"तुमच्या कामाचा खोळंबा नको म्हणून. दुसरं काय?"

एक बाई गाऊन घ्यायला आली. मेहुणीनं तो भिंतीवरून काढून दिला, बाहीचा धागा दातांनी तोडला, बाईला उद्याचं काहीतरी सांगितलं. तेवढा वेळ तो भिंतीवरच्या चिठ्ठ्या वाचत होता. उंची दोन बोटं कमी. काखेत सैल. बटण.

"मला सांगितलं का नाही?" बाई गेल्यावर तो म्हणाला. आवाज हवा होता त्यापेक्षा मोठा आला. "एक शब्द टाकला असता तर त्याच दिवशी डबा काढून फेकला असता मी."

"मी म्हटलं होतं तिला. चांगली भांडले होते." मेहुणी सुईत दोरा ओवू लागली. दोनदा चुकला. "तर म्हणाली, सकाळपासून घरात तोंड मिटून असतात. चहा देताना बोलत नाहीत, कपडे काढून देताना बोलत नाहीत. गाडी सुरू झाली की त्या डब्याबद्दल बोलायला लागतात. काल किती तापला, आज किती हलला. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण तेवढाच त्यांचा आवाज कानावर पडतो. तो कशाला बंद करायला सांगू?"

त्यानं स्टूल ओढलं आणि बसला.

खरंच होतं ते. घरात त्याला बोलायला शब्दच सापडायचे नाहीत. काय बोलणार? रिपोर्ट कसा आला ते दोघांनाही ठाऊक होतं. गाडीत मात्र हात स्टिअरिंगवर, नजर रस्त्यावर, आणि तोंडाला एक विषय. ती "हो का?" म्हणायची. "मग धाकट्याचं काय झालं?" म्हणून विचारायची. त्याला वाटायचं, तिचं मन रमतंय.

"मग तुम्ही ते घट्ट करून दिलंत," मेहुणी म्हणाली.

त्यानं मान वर केली.

"तिच्या बोटांत तेव्हा जोर कुठला? बधिर झाली होती. बटणं मीच लावायचे. त्या दिवशी तुम्ही आत गेल्यावर तिनं दोन-तीनदा खटपट केली. निघेना. मी मागून म्हटलं, थांब, मी काढते. तर माझा हात धरला तिनं." मेहुणीनं सुई उशीत टोचली आणि हात मांडीवर ठेवले. "म्हणाली, राहू दे. किती खुशीत आहेत बघितलंस ना? दोन महिन्यांत एवढी एकच गोष्ट त्यांच्या हातून दुरुस्त झालीय."

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. त्याचा भोंगा वाजत राहिला, मग थांबला. हा आवाज त्याला ऐकू येत होता.

त्या दिवशी तो खरोखरच खुशीत होता. संध्याकाळी नोंदी उतरवून बघितल्या, सलग होत्या, आणि तो स्वयंपाकघरातून ओरडून तिला म्हणाला होता, "जमलं बरं का!" पलंगावरून तिनं हात वर केला होता. तो हात आता त्याच्या डोळ्यांसमोरून जाईना. तिनं चिडायला हवं होतं. त्याला चार शिव्या घालायला हव्या होत्या. बत्तीस वर्षांच्या संसारात पंख्यावरून, खिडकीवरून, ओल्या टॉवेलवरून ती त्याला इतकं बोलली होती आणि नेमकं इथं गप्प बसली. याचा त्याला इतका राग आला की त्यानं समोरची कुणाची तरी पँट उचलून मांडीवर घेतली आणि तिची घडी घालू लागला. घडी काही केल्या नीट बसेना.

"तुम्हाला सांगायचं नव्हतं मला," मेहुणी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आज तुम्ही विचारलंत म्हणून."

"बरं केलंस," तो म्हणाला. पँट तिनंच त्याच्या हातातून काढून घेतली.

चारला पाच मिनिटं असताना तो साहेबांच्या खोलीत गेला. साहेब वयानं त्याच्याहून लहान आणि स्वभावानं भला माणूस. चोवीस दिवसांपूर्वी घरी आले तेव्हा काय बोलावं हे न सुचून अर्धा तास नुसते शेजारी बसून राहिले होते. अहवाल टेबलावर ठेवताच त्यांनी शेवटचं पान उघडलं, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हे काय? सही धाकट्यावर?"

"हो."

"अहो, सहा आठवडे तुम्ही थोरल्यासाठी आमच्याशी भांडताय. लॉक लावल्यावर तर तो एकदाही बंद पडला नाही."

"नऊ दिवस एकदाही नाही."

"मग? दोष गेला ना?"

"दोष नव्हताच तो." त्यानं मधलं पान उघडून पुढे केलं. तिथल्या तीन ओळींवर सरळ रेघ मारलेली होती आणि खाली नव्यानं लिहिलं होतं. साहेबांनी वाचलं. बोर्डात बिघाड नाही. पंख्याच्या आवाजाचा त्रास होत असल्यामुळे प्रवाशानं स्वतः प्लग काढला. एकोणीस वेळा.

साहेबांनी पहिलं पान उलटून पाहिलं, प्रवासी एक, आणि वर बघितलं.

"आपण उष्णता मोजली," तो म्हणाला. "हादरे मोजले. वीज किती खाली गेली तर चालेल ते मोजलं. बावीस बोर्डांना छत्तीस कसोट्या लावल्या. हा डबा पेशंटच्या उशाशी बसणार आहे, आणि पेशंटला त्याचं काय होईल, ही कसोटी मी घातलीच नाही. प्लगला हातही पुरायचा नाही त्या माणसाला. बांधून ठेवलेलं असतं त्याला."

"पंखा हळू फिरवला तर?"

"तर थोरलाही तापणार. मग त्याचा उपयोग काय?"

"आणि धाकट्याचं तापणं?"

"त्याच्या पाठीला धातूची जाड पट्टी लावून ती गाडीच्या सांगाड्याला जोडू. उष्णता तिकडे जाईल. चार आठवडे द्या मला. नाही जमलं तर तसं लिहून देईन."

साहेबांनी त्या रेघ मारलेल्या ओळी परत वाचल्या. मग त्यांनी पेन उचललं आणि आपली सही केली. "चार आठवडे," ते म्हणाले. तो दाराशी पोचल्यावर त्यांनी मागून हाक मारली, पण हाक मारल्यावर त्यांना पुढचं काही सुचलं नाही. "जा," एवढंच म्हणाले.

भिंगरी वाट बघत होती. थोरला टेबलावर टॉवेलवर पडला होता.

"तो आवाज मला ऐकायचाय," तो म्हणाला.

"कसा ऐकणार सर? तुमचे कान..."

"मोठा करून?"

"मोठा करून नाही यायचा. तुमच्या कानात तो सूर शिरतच नाही ना." तिनं खुर्ची अर्धी फिरवली आणि थांबवली. "खाली आणता येईल. रेकॉर्ड करून सूर उतरवते. म्हणजे अगदी तोच नसेल, पण चाल तीच राहील."

"कर."

तिनं पंख्याशेजारी माइक धरला आणि थोरला सुरू केला. ती रेकॉर्ड करत होती तोवर त्यानं शेवटच्या नऊ फेऱ्यांच्या नोंदी समोर घेतल्या आणि गाडी पार्किंगमध्ये उभी असतानाची मिनिटं कागदाच्या कडेला लिहून काढली. आठ, सात, नऊ, आठ, आठ, सात, नऊ, नऊ, सात. सगळ्या नोंदी सलग होत्या. कुठंही खंड नव्हता. खाली रेघ मारून त्यानं बेरीज केली, आणि सवयीनं पुन्हा एकदा तपासली.

भिंगरीनं थोरल्याची वीज काढली. मग स्पीकर त्याच्याकडे वळवून बटण दाबलं.

बारीक, कोरडा, एकाच उंचीवर धरलेला आवाज. डास कानाशी यावा, आणि ना चावावा ना जावा, तसा. त्यात मध्ये कुठं श्वास नव्हता. तो मान खाली घालून ऐकत होता. एक मिनिट गेलं असेल नसेल, त्याच्या मानेत काहीतरी ताठ झालं आणि मळमळल्यासारखं तोंडात पाणी आलं.

"बंद करू सर?"

त्यानं घड्याळात पाहिलं. सव्वाचार झाले होते.

"नको," तो म्हणाला. "एक तास बारा मिनिटं होतात."

भिंगरीनं त्याच्यापुढच्या कागदावरची बेरीज पाहिली. तिचा हात गळ्यातल्या हेडफोनकडे गेला आणि तिथूनच परत आला. तिनं खुर्ची त्याच्या शेजारी आणली, पाय जमिनीला टेकवले आणि न फिरता बसून राहिली.